साखळी डावीकडे

उलव्यात फ्लॅट घेताना बिल्डरचा पोरगा म्हणाला होता,
पश्चिमेची खिडकी आहे, वारं बघा कसलं.
वारं आहे. खोटं नाही बोलला.
ऊन तेवढं ब्रोशरमध्ये नव्हतं.

पावणेतीनला ते आत उतरतं.
आधी टीपॉय, मग गोळ्यांची पाकिटं,
ज्यांवर छापलंय: थंड, कोरड्या जागी ठेवा.
सव्वातीनला श्रीरंगच्या पावलांवर,
चारला गुडघ्यांवर.
मी भाजी घेऊन येईपर्यंत छातीशी आलेलं असतं
आणि हा डोळे मिटून तसाच,
कुणाचं तरी लाडावलेलं पोर मांडीवर येऊन बसावं
आणि ऊठ म्हणायचं भिडेपायी राहून जावं, तसा.

पडदे होते की. जड, मरून, अस्तराचे.
पण ते ओढायला उभं राहावं लागतं.

निकेश कडू आला, सॅकमधून कापडांचं जाड पुस्तक काढलं.
तळहाताएवढे तुकडे: राख, वाळू, साय, ओला दगड.
श्रीरंगने साय चिमटीत धरली,
नापास पोराची उत्तरपत्रिका धरायचा तशी.

'उघडेपणा किती हवा?'
मी दचकले.
'विणीत बारीक भोकं असतात, काकू. एक टक्का, तीन, पाच, दहा.
एकात ऊन नाय, पण बाहेरचंही काय नाय.
दहात डोंगर दिसतो, पण डोळे दिपतात.'
अडतीस वर्षांच्या संसारात
हे आकड्यात कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं पाच.
श्रीरंगने बोटं दाखवली. तीन.

'आणि रात्री उलटं होतं हां.
आत दिवा, बाहेर काळोख, की बाहेरच्याला आतलं दिसतं.'
चौदाव्या मजल्यावर कोण बघणार रे? घारी?

तीनच ठरलं.
बाहेरून पांढरं, उन्हाला परत पाठवायला,
आतून राखाडी, म्हणजे डोंगर नीट दिसेल.
हा एवढा डोंगर मात्र मी मिळवला.

टेप तीन ठिकाणी लावली. वर, मध्ये, खाली.
एक्केचाळीस. पावणेएक्केचाळीस. साडेचाळीस.
'सगळ्यात कमी ते धरायचं, नायतर अडकतं.'
अरे, बिल्डिंग नवी आहे!
'चौकट काटकोनात कुठंच नसते, काकू.'

मग काचेतून खाली बोट दाखवत म्हणाला,
'तो दोन क्रेनवाला टॉवर हाय ना, तिथं आमच्या आज्याच्या कोंड्या.
मिठाच्या.
ढग दिसला की आजा जेवायचा नाय.
उनाची वाट बघत बांधावर बसायचा.'
टेप खटकन आत गेली.
'आता मी ऊन अडवायचे पैसे घेतो.'
हसावं की नाही, मला कळेना.
श्रीरंग हसला.
त्याच्या ओठाची उजवी बाजू जरा मागून आली.

'साखळी कुठल्या बाजूला? सगळे उजवीकडंच घेतात.'
मी तोंड उघडायच्या आत
श्रीरंगने डावा हात उचलला.
निकेशने त्या हाताकडे पाहिलं, मग मांडीवरच्या दुसऱ्या हाताकडे,
पेन कानामागे खोचलं,
खुर्चीशेजारी उकिडवा बसला
आणि आपला डावा हात लांबवून
हवेत एक जागा धरून ठेवली.
'इथपर्यंत देतो. कंपनी एवढी लांब देत नाय,
मी सांगतो त्यांना.
नातू आला की तेवढी खिळ्याला गुंडाळा.'

अकरा दिवसांनी लागलं.
पावणेतीन वाजले. मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी घासत राहिले,
घासलेलीच.
साखळीचा आवाज: कर्र. थांबला.
कर्र, कर्र. पुन्हा थांबला.
इतका वेळ की मी नळ बंद केला.

बाहेर आले तर पडदा खिडकीच्या तळापासून चार बोटं वर,
आणि उन्हाची एक पट्टी
त्याच्या पावलांवर, त्याने ठेवलेली.
कपाळावर घाम. मी पुसायला गेले,
त्याने मान हलवली, नको.

बिलाबरोबर एक कार्ड होतं.
वॉरंटी पाच वर्षं.
आम्ही ते दोघांनीही वाचलं,
वेगवेगळं,
आणि मी ते फ्रिजवर लावून टाकलं.